पंखाखालचा अडकलेला स्क्रू असा काढला

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पंखाखाली तपासणीच्या झाकणाचा एक स्क्रू काही केल्या हलेना. त्याच्या फिलिप्स, म्हणजे अधिक चिन्हासारख्या, खाचेत जुना रंग साचला होता. तो आधी टोकदार स्क्राइबने खरवडला. मग फटीत शिरून जाम आटे मोकळे करणारं पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ते मुरू दिलं. इथे घाई नकोच. खाच गोल झाली की ड्रिल करावं लागतं, आणि भोकाभोवतीचा पातळ पत्रा जपणं फार जिकिरीचं.

स्क्रूड्रायव्हरचा दोन नंबरचा कोरा बिट घेतला, टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावला. तिच्यातल्या खरखरीत कणांमुळे बिट निसटत नाही. स्पीड हँडलवर (बिट फिरवायच्या वाकड्या दांड्यावर) अंगाचा भार देऊन आधी किंचित आवळलं, मग उलटं फिरवलं. कट्‌कन सुटला! पेस्ट पुसली. नवा स्क्रू हाताने बसवला, आटे नीट धरल्यावरच आवळला. शेवटी हत्यारं मोजून ट्रेमध्ये ठेवली.