एनएफएचएसवर क्लस्टरिंग करताय? आधी ‘कधीच नाही’चा कोड बघा

बायकांच्या आहारावर प्रबंध करायचा आणि स्वतः फिल्डवर जायला ना पैसे ना वेळ, अशांची गाडी शेवटी एनएफएचएसवरच, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरच येते. त्यात गैर काही नाही. परवानगी मिळाली की डेटा फुकट, आणि पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ स्त्रिया आहेत. के-मीन्स, म्हणजे आकड्यांमधल्या अंतरावरून सारख्या बायकांचे गट पाडायची (क्लस्टरिंगची) एक पद्धत, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते.

आहाराचे प्रश्न नऊच आहेत: दूध-दही, डाळी-कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, फळं, अंडी, मासे, चिकन-मटण, तळलेलं आणि कोल्ड्रिंक. उत्तरं चार: रोज, आठवड्याला, कधीतरी, कधीच नाही. खरी गोम इथे आहे. फाइलमध्ये ‘कधीच नाही’ला ० आहे, ‘रोज’ला १, ‘आठवड्याला’ २ आणि ‘कधीतरी’ला ३. के-मीन्सला शब्द कळत नाहीत, त्याला फक्त आकड्यांमधलं अंतर कळतं. मग माशांच्या रकान्यात बघा काय होतं. मालवणची रोज मासे खाणारी बाई १ वर आणि गळ्यात माळ असलेली वारकरी बाई ० वर, म्हणजे दोघी शेजारणी! सणासुदीला कधीतरी मासे खाणारी मात्र या माळकरणीपासून सगळ्यात लांब, ३ वर. नऊच्या नऊ रकान्यांत हाच घोळ.

आणि सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही. गट पडतात, रंगीत आलेख येतो, सगळं शास्त्रीय दिसतं. मला हे दिसलं ते गटवार साधा क्रॉसटॅब, म्हणजे कुठल्या गटात कुठलं उत्तर किती जणींचं याचा तक्ता, काढल्यावर. तोवर प्रकरणाचा मसुदा गाइडकडे जाऊन ‘छान’ असा शेरा घेऊन परत आला होता. गाइड तुमचं कोडिंग तपासतील या भ्रमात राहू नका. ते तक्ते बघतात, फाइल उघडत नाहीत.

उपाय दोन मिनिटांचा आहे. कधीच नाही ०, कधीतरी १, आठवड्याला २, रोज ३ असे कोड नव्याने लावा. तरी ‘कधीतरी’ ते ‘आठवड्याला’ आणि ‘आठवड्याला’ ते ‘रोज’ ही अंतरं सारखी नाहीतच, म्हणून मी पुढे लेटंट क्लास अ‍ॅनालिसिस या गट शोधायच्या दुसऱ्या पद्धतीकडे वळले. त्यात उत्तरांकडे निव्वळ प्रकार म्हणून बघता येतं, अंतराची भानगड नाही. शिकायला जड वाटतं, पण एका आठवड्यात हात बसतो. घाबरू नका.

आणखी एक. अंडी, मासे, चिकन-मटण हे तीन वेगळे रकाने, म्हणजे नऊपैकी तीन प्रश्न सामिष-निरामिष हेच विचारतात. तसेच घातलेत तर गट ‘खाणाऱ्या’ आणि ‘न खाणाऱ्या’ असेच पडणार, आणि बंगाल-केरळ एकीकडे, राजस्थान-हरियाणा दुसरीकडे असा नकाशा निघेल. तो शोधायला प्रबंध लागत नाही. तिन्हींचा एक रकाना करून निकाल बदलतो का ते तरी बघा.

लॅपटॉप अडकला तर दोष तुमचा नाही. सात लाख ओळींचा सिल्हूएट (गट किती नीट वेगळे पडलेत याचं माप) काढायचा म्हणजे प्रत्येकीचं प्रत्येकीशी अंतर. मेमरी पुरणारच नाही. त्यासाठी नमुना घ्या. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये के-मीन्सचा एनस्टार्ट, म्हणजे नव्या सुरुवातीपासून किती वेळा गट पाडून बघायचे तो आकडा, मुळात १ असतो, तो २५ तरी करा, नाहीतर दर वेळी वेगळे गट पडू शकतात. टक्केवारी देताना वेट, म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येकीचा भार, लावा. तो फाइलमध्ये व्ही००५ या रकान्यात असतो, त्याला दहा लाखांनी भागायचं असतं.

यूट्यूबवरच्या ‘दहा मिनिटांत क्लस्टरिंग’वाल्यांचा मला राग आहे. ‘पाच गट कर, पेपरात बरे दिसतात’ म्हणणाऱ्या सीनियरचा त्याहून जास्त. के-मीन्सला निव्वळ यादृच्छिक आकडे दिलेत तरी ते मागाल तेवढे गट पाडून देतं.

गटांना ‘पाश्चात्त्य’ आणि ‘पारंपरिक’ अशी परदेशी पेपरांतली नावं चिकटवू नका. या नऊ प्रश्नांत धान्याचा प्रश्नच नाही. ज्वारीची भाकरी खाणारी सोलापूरची बाई आणि तिन्ही त्रिकाळ भात खाणारी रत्नागिरीची, या डेटात दोघी एकसारख्या दिसू शकतात. मग पारंपरिक कोण, हे ठरवणार कशावरून? ‘दूध-डाळ रोज, सामिष नाही’ असं लांबलचक नाव द्या. परीक्षक कुरकुरतील, कुरकुरू देत.