शुगर आहे? ज्वारीची भाकरी खा, पण ताट असं वाढा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरात कुणाला शुगर निघाली की भात बंद होतो आणि ज्वारीच्या भाकरीला मोकळं रान मिळतं. भाकरीत तंतू जास्त हे खरं, पण तीही पिष्टमयच. पोटभर भाकऱ्याच खाल्ल्या तर साखर चढणारच.

त्यापेक्षा ताट बदला. अर्ध्या ताटात मेथी, शेपू, दोडका, वांगं अशी भाजी आणि कच्चा मुळा किंवा काकडी. पाव ताटात मटकीची उसळ, हुलगे नाहीतर घट्ट वरण. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. दोन्ही एकदम नको. निदान निम्मी भाजी-उसळ आधी संपवा, मग भाकरीला हात लावा. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. तोंडी लावायला जवसाची किंवा कारळाची चटणी उत्तम, मीठ तेवढं बेतानं.

नाचणीची आंबील जपून प्या. पीठ पातळ शिजवलं की लवकर पचतं, भाकरी बरी. कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, सणापुरता, तोही चमचाभर. करदंट ही डिंक-सुक्यामेव्याची मिठाई गुळाची म्हणून चालते असं समजू नका. गुळानंही साखर वाढतेच.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर भात-भाकरी एकाएकी तोडू नका, आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा. घाम फुटून हातपाय थरथरले, मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, तर रक्तातली साखर फार उतरली असं समजा, लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.