लसचाचणीत सहभागी होण्यापूर्वी: संमतीपत्रातील एक रकाना

डिसेंबर २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीसाठी मी मुंबईतील एका रुग्णालयात नाव नोंदवले. देशभरातून २५,८०० स्वयंसेवक घेतले जाणार होते. निम्म्यांना लस आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे लसीचा अंश नसलेले इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यांनाही कळणार नव्हते.

नव्याने सहभागी होणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ संमतीपत्राला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. समन्वयक ताई ते वाचून दाखवू लागल्या, तेव्हा मी ते घरी नेण्याची मुभा मागितली आणि त्यांनी ती लगेच दिली. घरी आईची नजर नेमकी त्या रकान्यावर गेली, जिथे वार्षिक उत्पन्नासोबत नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, पत्ता आणि नाते लिहायचे होते. "नॉमिनी कशाला लागतो रे?" तिने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. त्यांनी समजावले की, औषध-लस चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीदरम्यान सहभागीला इजा झाली, तर गरज असेपर्यंत, किंवा त्या इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत, मोफत उपचार द्यावे लागतात. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास आठ लाख रुपयांची मूळ रक्कम धरून, वय आणि आधीच्या आजारांची जोखीम लक्षात घेऊन भरपाई ठरते आणि ती वारसाला मिळते. हे ऐकून आई घाबरेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात सगळे उघडपणे लिहिलेले आहे म्हणूनच तिने होकार दिला. असे प्रश्न टाळणाऱ्या ठिकाणी सही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सही केल्यावर संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. त्यावर सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा संपर्क असतो. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांतील किमान निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात. त्यामुळे संशोधकांकडे बोलायला संकोच वाटला, तर तिथे बोलता येते. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आहे का, हेही आधी पाहावे; औषधे आणि लसींच्या चाचण्यांना ही नोंद जून २००९ पासून बंधनकारक आहे. कारण न देता कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत.

आजार आणि चालू औषधे मात्र लपवू नयेत. मी थायरॉइडची गोळी घेतो. नाव वगळले जाईल या भीतीने क्षणभर गप्प राहावेसे वाटले, पण सांगितले आणि डॉक्टरांनी नोंद करून पुढे जाऊ दिले.

पहिल्या इंजेक्शननंतर थर्मामीटर आणि डायरी मिळाली. दोन दिवस दंड दुखला, थोडी कणकण वाटली. तेवढेही मी वेळेसह लिहिले. दुसरे इंजेक्शन अठ्ठावीस दिवसांनी झाले. पुढे माझ्या वयोगटाचे लसीकरण सुरू झाल्यावर मला मिळाले ते प्लासिबो होते हे कळले, आणि मग मी लस घेतली. डायरीतली ती कणकण वाया गेली का, असे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लस न घेतलेल्यांनाही किती कणकण येते हे तुमच्यासारख्यांनी लिहिले, तरच लसीमुळे किती येते ते आम्हांला मोजता येते."