एरोबिक्समुळे होणारी गुडघेदुखी अशी थांबली

मागच्या उन्हाळ्यात व्हिडिओ लावून घरीच एरोबिक्स सुरू केलं. परभणीचं ऊन म्हणजे सकाळी आठलाच बाहेर पाय ठेववत नाही. पण आठवड्यातच गुडघे इतके दुखायला लागले की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. चूक सापडली ती खाली बघितल्यावर. शहाबादी फरशी, अनवाणी पाय आणि वर जंपिंग जॅक, म्हणजे उडी मारत पाय फाकवायचे आणि हात डोक्यावर न्यायचे! दगड काही दबत नाही, उडीचा सगळा दणका घोट्याला आणि गुडघ्याला.

मग उड्या बंद केल्या. आता एकेक पाय बाजूला टाकते, हात मात्र तसेच डोक्यावर. एक पाय कायम जमिनीवर. बूट घातले. सतरंजी काढली, ती पायाखाली सरकते. सुरुवातीची पाच मिनिटं जागेवरच चालते. आधी व्हिडिओतला तो भाग मी पुढे सरकवून टाळायचे, फार मोठी चूक होती ती. दम किती लागावा? बोलता यावं, पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मी पहाटे ३० मिनिटं, पाच दिवस करते. लाइट जाते म्हणून व्हिडिओ मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवलाय.

तीन आठवड्यांत कठडा सुटला. आता आईही पलंगाला धरून माझ्यासोबत पावलं टाकते.