अक्रोड लावायचाय? मग कलमंच घ्या, आणि दोन जातींची घ्या

आधीच सांगते, पुण्या-नाशकात किंवा अगदी महाबळेश्वरला अक्रोड लावून फळाची वाट बघू नका, कारण या झाडाला हिवाळ्यात ७ डिग्रीच्या खालची थंडी शेकडो तास लागते आणि ती आपल्याकडे पडतच नाही. काश्मीर, हिमाचल, कुमाऊँ, साधारण १२०० ते २२०० मीटर उंची, तिकडे ज्यांचं घर किंवा बाग आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

जागा निवडताना घाई नको, हे झाड तुमची नातवंडंही बघणार आहेत. दरीच्या तळाशी लावू नका, रात्री गार हवा तिथे साचते आणि मार्च-एप्रिलच्या गोठवणाऱ्या दवात-गारठ्यात कोवळी फुलं जळतात, उतारावर लावलेलं बरं. पाणी साचणारी जमीन तर अजिबात नको, मुळं कुजतात.

बी पेरून झाड येतं पण फळाला ८-१० वर्षं सहज जातात, आणि आईसारखंच फळ येईल याची काही खात्री नाही. कलम ४-५ वर्षांत फळ द्यायला लागतं. चॅंडलर ही कॅलिफोर्नियाची जात बाजूच्या फांद्यांवरही फळ धरते म्हणून मला ती फार आवडते, आणि श्रीनगरच्या समशीतोष्ण फळांच्या केंद्रीय संस्थेने काढलेल्या जातीही आहेत. पण एकच जात लावू नका! एकाच झाडावर नर तुरे आणि मादी फुलं दोन्ही असतात पण बऱ्याचदा ती एका वेळी तयार होत नाहीत, परागकण वाऱ्याने जातात, म्हणून जिचे तुरे योग्य वेळी फुलतात अशी दुसरी जात जवळ हवी. नर्सरीत हे विचारूनच घ्या.

लागवड डिसेंबर ते फेब्रुवारी, झाड पानगळीत असताना. खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल, त्यात माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. सोटमूळ वाकवून कोंबू नका, आणि कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, हे खरंच महत्त्वाचं. दोन झाडांत ८-१० मीटर अंतर. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी चुकवू नका, बुंध्याभोवती पाचोळ्याचं आच्छादन टाका आणि गवत वाढू देऊ नका. टोमॅटो-बटाटे मात्र याच्या शेजारी नकोत, अक्रोडाच्या मुळा-पानांतून जुग्लोन नावाचं रसायन उतरतं, त्याने ती पिकं मान टाकू शकतात.

छाटणी हिवाळ्याच्या शेवटी केली तर कापातून रस वाहत राहतो, त्यापेक्षा उन्हाळा सरताना करा. आणि झाड लहानपणीच बुटकं वळवून घ्या, काश्मीरात उंच झाडांवर चढून अक्रोड झोडताना माणसं पडतात, जीवही जातात.

सप्टेंबरात हिरवी साल तडकली की काढणी. साल लगेच सोला (हातमोजे घाला, डाग दिवसेंदिवस जात नाही), नाहीतर आतला गर काळपट पडतो. मग धुवून सावलीत पसरून वाळवा, फोडल्यावर आतला पडदा कट्कन मोडला तर वाळला समजा, लवला तर अजून दोन दिवस ठेवा.