लाइट प्रोग्रॅमचा एक दिवस: १९५४ मधला मंगळवार घरी कसा उभा कराल

बीबीसीच्या जुन्या रेडिओचा अख्खा दिवस घरी ऐकायचा म्हटलं की बहुतेक जण गाजलेल्या विनोदी कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक लावून मोकळे होतात. असा दिवस कधीच नव्हता. असा एखादा कार्यक्रम म्हणजे आठवड्यातला अर्धा तास. उरलेला दिवस फर्माईशी, बँड, रोजच्या मालिका आणि घड्याळ यांनीच भरलेला असायचा. म्हणून आधी वेळापत्रक उभं करा, विनोद मागून येईल.

तारीख एकच धरा. मंगळवार, २ नोव्हेंबर १९५४ सोयीची आहे, कारण टोनी हॅनकॉकचा विनोदी कार्यक्रम ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ त्याच रात्री सुरू झाला. केंद्र लाइट प्रोग्रॅम, म्हणजे बीबीसीचं हलक्याफुलक्या करमणुकीचं केंद्र, लाँगवेव्हवर १५०० मीटर. बीबीसीचं कार्यक्रम-साप्ताहिक ‘रेडिओ टाइम्स’, त्याचा आठवडा तेव्हा रविवारी सुरू व्हायचा, त्यामुळे अंक ३१ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्याचा पाहा. बीबीसी जीनोम या वेबसाइटवर त्या अंकांतली यादी तारखेनुसार मिळते. ती छापील यादी आहे, आयत्या वेळचे बदल तिच्यात नसतात.

सकाळचा कणा ‘हाउसवाइव्हज चॉइस’ हा फर्माईशींचा कार्यक्रम. नऊ वाजून दहा मिनिटांनी ‘इन पार्टी मूड’ ही धून, मग पत्राने आलेल्या फर्माईशी. निवेदक ठरावीक काळाने बदलत. जॉर्ज एलरिक तर धूनीबरोबर स्वतः गायचे. रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, म्हणून खरखर हवी ती फक्त गाण्यांवर. निवेदकाच्या आवाजामागे ती आली की सोंग उघडं पडतं.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. कारखान्यातल्या कामगारांसाठीचा हा अर्धा तास रेकॉर्डींचा नाही, बँड प्रत्यक्ष वाजवायचे, आणि गाण्यांच्या मध्ये निवेदन नसायचं. तुमच्याकडे मूळ ध्वनिमुद्रण नसेल तर त्या काळातल्या हलक्याफुलक्या वाद्यवृंदाच्या दहा-बारा चिजा सलग जोडा. संथ किंवा कुजबुजत्या चिजा नकोत, यंत्रांच्या आवाजात त्या बुडायच्या. टाळ्यांचा ठेका असलेल्याही नकोत. कामगार हातातलं हत्यार बाकावर आपटून साथ द्यायचे. सुरुवातीला आणि शेवटी एरिक कोट्सची ‘कॉलिंग ऑल वर्कर्स’ ही धून. आवाजाची पातळी अर्धा तास एकसारखी ठेवा, चढउतार इथे दोषच आहे.

अकराला ‘मिसेस डेल्स डायरी’ या रोजच्या मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागायचा. दुपारी पावणेदोनला मुलांसाठी ‘लिसन विथ मदर’, दोनला ‘वुमन्स अवर’, संध्याकाळी पावणेसातला ‘द आर्चर्स’ ही दुसरी रोजची मालिका, सातला बातम्या. ‘आर्चर्स’चे त्या वर्षांतले रोजचे भाग बहुतेक जपलेच गेले नाहीत. त्याजागी आजचा भाग लावू नका, स्टुडिओचा आवाजच वेगळा लागतो. मालिकेची धून ‘बार्विक ग्रीन’ वाजवा आणि उरलेली मिनिटं रिकामी सोडा. ऐकणारे कुरकुरतील, कुरकुरू द्या. हॅनकॉक रात्री साडेनऊला.

जाहिराती घालू नका. बीबीसीवर त्या नव्हत्याच. ब्रिटिश श्रोत्यांना त्या ऐकू यायच्या रेडिओ लक्झेंबर्गवर, २०८ मीटरवर.

आता वेळेचे ठोके, म्हणजे पिप्स. इथे जवळजवळ सगळेच चुकतात. शेवटचा ठोका लांब असतो असं आपल्या कानात बसलंय, पण ते १९७२ पासूनचं. १९५४ मध्ये सहाही ठोके सारखेच. ऑडिओ एडिटरमध्ये १ किलोहर्ट्झचा स्वर घ्या, प्रत्येक तुकडा ०.१ सेकंदाचा. पहिला ५५व्या सेकंदाला, पुढचे सेकंदासेकंदाला. सहावा जिथे *सुरू* होतो तिथे तास भरतो, संपतो तिथे नव्हे.

तुकडे नुसते एकामागे एक लावलेत तर दुपारपर्यंत दिवस दहा-वीस मिनिटं सरकलेला असतो, कारण जुन्या कार्यक्रमांच्या परदेशी केंद्रांसाठी काढलेल्या प्रती कापलेल्या असतात आणि अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्यात बऱ्याचदा कमी भरतो. म्हणून प्रत्येक तुकडा घड्याळाला बांधा: नऊ वाजता शून्य धरलं तर पावणेसात म्हणजे ९ तास ४५ मिनिटं. ‘आर्चर्स’ची रिकामी मिनिटं सोडून मधली भोकं वाद्यसंगीताने बुजवा. नऊ ते मध्यरात्र अशी पंधरा तासांची एकच वेव्ह (.wav) फाइल केलीत तर मोनोमध्येही ती ४ जीबीच्या वर जाते आणि अनेक प्रोग्रॅम ती अर्धवट उघडतात. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ ठेवा, साधारण ४३० एमबीत काम होतं.

आवाज जुना करायला सगळं मोनो करा, ५ किलोहर्ट्झच्या वरचं आणि १०० हर्ट्झच्या खालचं कापा. सतत सूं-सूं घालायची गरज नाही, ड्रॉइटविचच्या प्रक्षेपण केंद्रावरून होणारं लाँगवेव्ह प्रक्षेपण चांगलं दणदणीत होतं.

खऱ्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या रेडिओ सेटवर वाजवायचं असेल तर मागचं ‘ग्राम’ (ग्रामोफोनसाठीचं) सॉकेट वापरा. फोनच्या डाव्या-उजव्या चॅनेलला १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावून दोन्ही टोकं जोडा, तिथून सॉकेटमध्ये. पण आधी मागचा पुठ्ठा वाचा. ‘एसी/डीसी’ लिहिलं असेल तर चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. फोन जळेल, आणि हात लागला तर जिवावर बेतेल. असल्या सेटला तार लावूच नका, त्याच्या मागे छोटा स्पीकर ठेवा. ट्रान्सफॉर्मरवाला सेटही माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घालू नये: जुने कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा गळका असला की व्हॉल्व्ह तापून जातो. तो आधी बदलून घ्या. जुन्या ब्रिटिश वायरीत लाल म्हणजे लाइव्ह, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि सेट नऊच्या मिनिटभर आधी चालू करा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज येत नाही, पिप्स हुकतात.