तट्टू अंग घासतंय? औषधाआधी ऊ कोणती ते पाहा

थंडीचे दाट केस अंगावर आले की तट्टांवर उवांचा जोर वाढतो. केसांखाली ऊब असते, ऊन कातडीपर्यंत पोचत नाही आणि जनावरे आडोशाला एकमेकांना खेटून उभी राहतात. झूल दिवसेंदिवस उतरवली नाही, तर अंगावर काय चाललंय ते कळतही नाही. म्हणून या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी भर उजेडात प्रत्येक तट्टू तपासा.

आयाळीच्या मुळाशी, मानेच्या दोन्ही बाजूंना, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी आणि खुरांवरच्या लांब केसांत भांग पाडून थेट कातडी पाहा. नजर थोडी स्थिर ठेवा, म्हणजे हलणारी ऊ दिसते. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. कोंडा झटकला की उडतो, लीख मात्र नखाने ओढावी लागते.

सापडलेली ऊ पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन भिंगाखाली पाहा. निमुळत्या डोक्याची, सुमारे ३ मिलिमीटरची असेल तर ती रक्त शोषणारी. ती बहुधा आयाळ, शेपटीचे बूड आणि पायांच्या लांब केसांत राहते. रुंद, बोथट डोक्याची, १ ते २ मिलिमीटरची असेल तर ती कुरतडणारी. ती कातडीचा कोंडा खाते आणि मान, कुशी, पाठ इकडे जास्त आढळते. हा फरक औषधासाठी फार महत्त्वाचा आहे. तोंडावाटे दिलेले आयव्हरमेक्टिन रक्तातून उवेपर्यंत पोचते, त्यामुळे शोषणाऱ्या उवेवर त्याचा उपयोग होतो. कुरतडणारी ऊ रक्त पीत नाही, म्हणून तिच्यावर या औषधाचा भरवसा धरू नका. तिथे वरून लावायचे, घोड्यांसाठीच बनवलेले परमेथ्रिनचे औषध हवे. ते शोषणाऱ्या उवेलाही चालते.

मात्रा वजनावर ठरते आणि वजनाचा अंदाज डोळ्यांनी हमखास चुकतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे मोठ्या जनावराचे किलोतले वजन. घेर १४० आणि लांबी १३० असेल तर साधारण २१४ किलो. शिंगराला हे सूत्र लावू नका. आयव्हरमेक्टिनची नेहमीची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. परमेथ्रिनची मात्रा आणि लावायची जागा लेबलप्रमाणेच ठेवा, कारण प्रत्येक द्रावणाची तीव्रता वेगळी असते.

पिकावर फवारायचे कीटकनाशक तट्टाला कधीही लावू नका. गाईगुरांच्या गोचिडांसाठीचे अमिट्राझही नको, त्याने घोड्याचे आतडे मंदावून जीवघेणी पोटदुखी होऊ शकते. परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे, त्यामुळे औषध सुकेपर्यंत त्यांना लांब ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा दुसऱ्या मात्रेत होतो. औषधाने चालत्या उवा मरतात, लिखा वाचतात. खाज थांबली म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि लिखांतून निघालेली नवी पिल्ले पुन्हा अंडी घालू लागतात. साधारण १४ दिवसांनी दुसरी मात्रा द्याच. शिवाय एकत्र राहणाऱ्या सगळ्या तट्टांना, गाढवांना आणि घोड्यांना एकाच दिवशी औषध द्या. एकही सुटला तर उवा त्याच्याकडून परत येतात. झूल ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा, खरारे गरम साबणपाण्यात बुडवून उन्हात वाळवा. धुता न येणारे सामान पिशवीत बंद करून तीन आठवडे वापरू नका.

फक्त शेपटीचे बूड घासत असेल आणि गुदद्वाराभोवती पिवळट-करडा चिकट थर दिसत असेल, तर ते सूचकृमी असू शकतात. त्यांवर जंतनाशक द्यावे लागते. पाय आपटत असेल आणि खुरांवरच्या केसांखाली खपल्या असतील, तर खरजेचा संशय धरा आणि कातडीचा खरवड तपासून घ्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात आयाळ आणि शेपूट घासणे बहुतेकदा चिलटांच्या चाव्यांचे असते, तिथे उवांचे औषध कामाचे नाही.

शेजारची तट्टे बरी असताना एकाच्याच अंगावर उवांचा थर असेल, तर त्याचे दात, खाणे आणि जंत पाहा. म्हातारे किंवा आजारी जनावर अंग साफ ठेवू शकत नाही. शिंगराच्या किंवा अशक्त तट्टाच्या हिरड्या फिकट पांढरट दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. शोषणाऱ्या उवांनी रक्त इतके कमी होऊ शकते की नुसते औषध पुरत नाही.